दाभोळच्या खाडीपलीकडे, छोट्या चाकांवर

दापोलीहून गुहागरच्या बाजूला माझ्या आपाच्या घरी जायला दोन वाटा आहेत. एक खेड-चिपळूण करत जाते आणि शंभराहून जास्त किलोमीटर खाते. दुसरी दाभोळला उतरून वाशिष्ठीची खाडी ओलांडते, ती जेमतेम चाळीस-बेचाळीस किलोमीटरची. धोपाव्याची फेरीबोट सुरू झाल्यापासून आमच्याकडची माणसं दुसऱ्याच वाटेने जातात. मी मात्र तीन वर्षं दोन्हीपैकी एकाही वाटेने गेलो नव्हतो. त्याचं कारण पुढे येईलच. आधी सायकलीबद्दल सांगतो, कारण या सफरीची सुरुवात तिच्यापासून झाली.

मुलगा दुबईला असतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना त्याने माझ्यासाठी घडीची सायकल आणली. वीस इंची चाकं, मधोमध बिजागरी, हँडलही खाली मोडतं. घडी केली की शिलाईच्या मशीनएवढी होते आणि पलंगाखाली जाते. मी उभी नोकरी सायकलवर केलेली. रोज सकाळी शाळेत, संध्याकाळी बाजारात. पण निवृत्त झालो आणि उजवा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चालवा, चढावर नको. आता कोकणात सपाटी शोधायची कुठे? दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर. घराबाहेर पाऊल टाकलं की एकतर चढ, नाहीतर उतार. सायकल पलंगाखाली गेली ती तिथेच राहिली.

मुलीने पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय. दिवाळीच्या सुट्टीत ती झाडू मारताना सायकलीला अडखळली आणि म्हणाली, "अब्बू, हिला मोटर बसवू या. नाहीतर भंगारात द्या, पण अशी ठेवू नका."

मला वाटलं होतं, छोट्या चाकाला मोटर म्हणजे खेळणं. मुलीने कागद घेऊन मला समजावलं. मोटर चाकाच्या मध्यात, हबमध्येच बसते. मोटरचा पीळ तोच असला, तरी चाक लहान म्हणजे अक्षापासून रस्त्यापर्यंतचं अंतर कमी, म्हणून रस्त्यावर पडणारा जोर जास्त. दुसरं असं, की ताशी पंचवीसच्या वेगाला मोठं अठ्ठावीस इंची चाक मिनिटाला साधारण १९० फेरे घेतं, तर वीस इंची २७५ च्या आसपास. मोटर जितकी मोकळी फिरते तितकी ती कमी तापते आणि वीज वाया घालवत नाही. घाटात हळू जाताना हाच फायदा कामाला येतो. थोडक्यात, चढाच्या गावाला छोटं चाकच बरं.

सामान मागवलं. २५० वॉटची मोटर चाकात गुंफलेलीच आली. सोबत कंट्रोलर, पॅडलचा सेन्सर, दोन ब्रेकचे दांडे, हँडलवरचा छोटा डिस्प्ले. बॅटरी ३६ व्होल्ट, दहा अँपिअर-अवरची. दोन्हींचा गुणाकार ३६० वॉट-अवर, म्हणजे जुन्या साठ वॉटच्या बल्बाला सहा तास पुरेल एवढी वीज. ती भरायला घरच्या मीटरवर अर्धा युनिटही लागत नाही. सगळं मिळून सव्वीस हजार झाले. पत्नी म्हणाली, "एवढ्यात गुडघ्याचा इलाज झाला असता." पण पैसे तिनेच तिच्या डब्यातून काढून दिले.

जे वाचक असा विचार करत असतील त्यांच्यासाठी आमच्या चार गोष्टी सांगतो. मोटर पुढच्या चाकात बसवणं सोपं असतं, पण आमच्याकडे रस्त्यावर जांभ्याची खडी. चढावर वजन मागे जातं आणि पुढचं चाक खडीवर घसरतं. शिवाय पुढचा फोर्क अॅल्युमिनियमचा असेल तर मोटरच्या पिळाने त्याची खाच फाटायची भीती. म्हणून मुलीने मागचं चाक बदललं. तिथेही अक्षाला टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी लावली, म्हणजे अक्ष खाचेतून फिरून बाहेर येत नाही. वायरी बिजागरीपाशी सैल सोडल्या, कारण घडी करताना त्या ताणल्या तर तुटतात. बॅटरी स्वस्त मिळते म्हणून कोणाकडूनही घेऊ नये. तिच्या आत प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट हवं, चार्जर तिच्या जोडीचाच हवा, आणि घरातली सगळी झोपली असताना ती चार्जिंगला लावून ठेवू नये. आणि कायदा असा की मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी पंचवीसच्या आत असला, तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. मुलीने कंट्रोलर पंचविसावर बांधून टाकला. मी म्हटलं, तीस ठेव की. ती म्हणाली, "अब्बू, ब्रेक सायकलचे आहेत, मोटरसायकलचे नाहीत."

हे काम आमच्या पडवीत चार संध्याकाळ चाललं. मी पाने धरून बसायचो, ती वायरी जोडायची. तिसऱ्या संध्याकाळी, मान वर न करता तिने विचारलं, "अब्बू, फूफीला तुम्ही जो कागद सही करायला पाठवला होता, तसा माझ्याकडूनही मागाल का?"

आता ते कारण सांगायला हवं. अब्बांच्या मागे आम्ही दोघंच भावंडं, मी आणि आपा. अम्मी आधीच गेलेली. अब्बांची आंब्याची बाग होती. शरीअतप्रमाणे दोन हिस्से माझे, एक आपाचा. सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांचीही नावं लागली. मग चार लोकांनी सांगितलं की बहिणी हक्कसोड करून देतात, रीतच आहे. मीही कागद तयार करून एका नातेवाइकाच्या हाती आपाकडे पाठवून दिला. स्वतः गेलो नाही. आपाने सही केली नाही आणि भांडलीही नाही. कागद तसाच परत आला, आणि त्यानंतर तिचा फोन आला नाही. ईदलाही नाही. मीही केला नाही. तीन मोसम आंबा विकला, पैसे आले आणि खर्चही झाले.

मुलीला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. रात्री जुन्या वह्या काढल्या. मुकादमाचा हिशेब, खतं, फवारणी, पेट्या, सगळं वजा करून तीन वर्षांच्या नफ्याचा तिसरा भाग काढला. तेवढी रक्कम घरात नव्हती. ती जमवायला दोन महिने लागले.

जानेवारीतल्या एका बुधवारी फजरची नमाज पढून निघालो. पाठीवरच्या पिशवीत पाकीट, तो परत आलेला कागद, चार्जर, पंप आणि खजुराचा डबा. पत्नी म्हणाली, गाडी करून जाऊ, मीही येते. मी म्हटलं, गाडी केली की सोबत चार माणसं येतात, चार माणसं आली की पंचायत बसते. हे मला एकट्याला करू दे.

दापोली सोडल्यावर पहिले काही किलोमीटर आंब्या-काजूच्या बागांतून जातात. मोहोर नुकता फुटू लागला होता. थंड हवेत त्याचा वास जमिनीलगत थांबतो. सायकलवरच तो कळतो, गाडीत कळत नाही. मग सडा लागतो, पिवळ्या गवताचा आणि काळ्या पडलेल्या जांभ्याचा. पॅडल मारायला लागलं की अर्ध्या फेऱ्यात मागून कुणी हात लावून ढकलावं तसं होतं. चढावर गिअर हलका करून पाय फिरवत राहायचं. वेग दहावर येतो, पण गुडघ्यावर भार येत नाही. एका चढावर सवयीने मी उतरून सायकल ढकलायला लागणार होतो, मग आठवलं की गरज नाही.

अब्बांची सायकल मोठी, काळी, चोवीस इंची फ्रेमची होती. पुढच्या दांड्यावर मी, मागच्या कॅरिअरवर आपा. आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चढ आला की ती उतरायची आणि मागून ढकलायची. मला उतरू द्यायची नाही. "तो लहान आहे," म्हणायची.

दाभोळच्या अलीकडे रस्ता खाडीकडे उतरतो. छोट्या चाकांची खरी परीक्षा उतारावर होते. खड्डा मोठ्या चाकाला जेवढा लागतो त्याहून जास्त लहान चाकाला लागतो, आणि सारखा ब्रेक धरला तर लहान रिम लवकर तापते. म्हणून कधी पुढचा, कधी मागचा, असे आलटूनपालटून ब्रेक दाबत, दोनदा थांबून रिमला हात लावून बघत उतरलो. साडेनऊला खाडी दिसली.

आज दाभोळ शांत गाव आहे. मासळी, नारळी, दुकानं, जेटीवर थांबलेल्या गाड्या. पण एके काळी या बंदराचं नाव अरबस्तान आणि इराणपर्यंत होतं. बहमनी राज्याचा नामांकित वजीर महमूद गवान इराणहून हिंदुस्थानात आला तो १४५३ च्या सुमारास इथेच उतरला. रशियाचा मुसाफिर अफनासी निकितिन परतीच्या वाटेला लागला तोही दाभोळहून. अरबी घोडे इथे उतरत, दख्खनचं कापड इथून जाई. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीजांच्या अल्मेदाने दिवला जाता जाता हे शहर जाळलं आणि माणसं कापली. त्यानंतर आदिलशाहीत ते पुन्हा सावरलं. हाजींची जहाजं इथून सुटत.

जेटीपासून थोड्याच अंतरावर माड-पोफळींत ती मशीद उभी आहे. कुणी तिला अंडा मशीद म्हणतं, कुणी माँसाहेबा मशीद. मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार. विजापूर पाहिलेल्या माणसाला वाटावं, गोलघुमटाच्या गावातली एखादी इमारत उचलून कुणी खाडीकाठी आणून ठेवली आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये तिची उंची ७५ फूट दिली आहे, आणि बांधकाम हिजरी १०७०, म्हणजे इसवी सन १६५९-६० चं सांगितलं आहे.

तिची हकिकत आमच्याकडे मुलांनाही ठाऊक असते. विजापूरची शहजादी आयशा बीबी हजला जायला मोठा लवाजमा घेऊन दाभोळला आली. पण समुद्रात चाच्यांची भीती होती, जहाज सुटू शकलं नाही. हजसाठी आणलेला पैसा परत नेणं तिला बरं वाटेना. काजी आणि मौलवींचा सल्ला घेऊन तिने त्यातून ही मशीद उभारली. चार वर्षं लागली आणि पंधरा लाख खर्च झाले म्हणतात. यातलं किती इतिहासाचं आणि किती लोकांच्या तोंडचं, हे वेगळं करणं अवघड आहे. पण लोकांनी तीनशे-साडेतीनशे वर्षं जपलेली गोष्ट एवढीच आहे, की एका कामासाठी काढलेला पैसा तिने पुन्हा आपल्या पेटीत टाकला नाही.

वजू करून दोन रकात नफिल पढलो. आत दगडाचा गारवा होता आणि बाहेर कावळे. पिशवीतलं पाकीट मांडीला लागत होतं. शहजादीचा पैसा तिचा स्वतःचा होता. माझ्या पाकिटातला माझा नव्हताच, तो तीन वर्षं उशिरा निघालेला दुसऱ्याचा पैसा होता. बाहेर येऊन चहा घेतला आणि जेटीवर गेलो.

फेरीबोटीत ट्रक, मोटारी, मोटरसायकली आणि एका कोपऱ्यात माझी सायकल. पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं. पूर्वी इथून होडीने माणसं जात. आपाचं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड होडीनेच पलीकडे गेलं होतं आणि मी या काठावर उभा राहून रडलो होतो. शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर सायकल न्याहाळत होता. "चाचा, ही चार्जिंगची का? किती जाते?" मी म्हटलं, पाय मारले तर तीस-पस्तीस किलोमीटर, घाट असेल तर पंचवीसच धरायचे. तो पलीकडच्या काठाकडे बोट दाखवून हसला, "मग तिकडे चार्ज करा, तिकडे विजेचा कारखानाच आहे."

ते खरं आहे. अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला जो प्रकल्प आहे, तो सगळ्या जगात दाभोळच्या नावाने गाजला. खुद्द दाभोळ मात्र खाडीच्या या काठाला. दोन हजार मेगावॉटहून मोठा बेत, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू, आणि विजेच्या दरावरून वाद होऊन २००१ मध्ये बंद. पुढे २००५ मध्ये नव्या सरकारी कंपनीकडे गेला. त्या भल्यामोठ्या पसाऱ्यासमोरून मी माझे अडीचशे वॉट घेऊन चाललो होतो.

धोपाव्याला उतरलं की लगेच चढ. बोटीतून निघालेल्या गाड्या धूळ उडवत पुढे गेल्या. मी पॅडल मारलं, पण मोटर गप्प. डिस्प्ले चालू, बॅटरीचे दोन दांडे शिल्लक, पण ढकलणारा तो हात नाही. दहा पावलांत गुडघा ओरडला. सायकल बाजूला घेतली आणि मुलीला फोन लावला.

"अब्बू, रात्री घडी केली होती का?"

"केली होती. पलंगाखाली ठेवली."

"मग हँडलजवळची वायर बघा. ब्रेकच्या दांड्यात स्विच आहे, ब्रेक दाबला की मोटर बंद होते. केबल ताणली असेल तर दांडा पुरता मागे येत नाही, आणि मोटरला वाटतं तुम्ही ब्रेक धरलाय."

बघितलं, तसंच होतं. डावा दांडा सुतभर आत राहिला होता. सकाळभर चालला आणि बोटीच्या हादऱ्यांनी शेवटी अडकला असावा. बोटाने बाहेर ओढला, पण राहीना. ती म्हणाली, त्या दांड्याची छोटी जोडणी सोडवा, मोटर चालेल. पण मग डाव्या ब्रेकने मोटर बंद होणार नाही, म्हणून थांबायचं असेल तेव्हा आधी पाय थांबवा. पाय थांबले की सेन्सर मोटर थांबवतोच. तसं केलं. मोटर पुन्हा बोलू लागली. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "फूफीला माझा सलाम सांगा." मला काय म्हणायचं होतं ते घशातच राहिलं.

आपाच्या दारात पोचलो तेव्हा बॅटरीचा शेवटचा दांडा लुकलुकत होता. आपा अंगणात तांदूळ पाखडत होती. सुपातून नजर वर केली. बराच वेळ माझ्याकडे नाही, सायकलीकडे बघत राहिली.

"ही कुणाची पोराची सायकल घेऊन आलास?"

"माझीच आहे. आपा, अस्सलामु अलैकुम."

"वअलैकुम अस्सलाम. गुडघा घेऊन एवढ्या लांब कशाला आलास? आत ये."

तिने पाणी दिलं. मी पिशवीतून चार्जर काढला आणि पडवीतल्या प्लगला लावला. त्याचा लाल दिवा लागला. आपाने विचारलं, किती वेळ लागतो? मी म्हटलं, पाच तास. म्हणजे पाच तास मला उठून जाता येणार नव्हतं. बरंच झालं. बसने आलो असतो तर अर्ध्या तासात पाकीट ठेवून, परतीच्या गाडीचं निमित्त सांगून निघून गेलो असतो.

पहिला तास इकडचं-तिकडचं बोललो. मग पाकीट आणि हिशेबाची वही तिच्यासमोर ठेवली. तो कागदही काढला आणि म्हटलं, "आपा, हा कागद मी पाठवायला नको होता. आणि पाठवलाच तर स्वतः आणायला हवा होता."

आपाने पाकीट उघडलं नाही. वही घेतली. चष्मा लावून एकेक पान बघितलं. दुसऱ्या वर्षाच्या पानावर थांबली. "फवारणीचे एवढे? तुला फसवलंय त्याने." मग तिसरं वर्ष. वही मिटून म्हणाली, "मला पैशाची अडचण नव्हती रे. तू मागितलं असतंस तर मी बाग तुझ्या नावावर सोडलीही असती. पण तू विचारलं नाहीस. कागद पाठवलास, जशी मी परकी."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती उठून चुलीकडे गेली. थोड्या वेळाने तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं सालन आलं. जेवताना तिने सांगितलं, हिस्सा ती सोडणार नाही. तो आता तिच्या नातीच्या शिक्षणाला लागेल. दरवर्षी हिशेब इथे आणून दाखवायचा आणि फवारणीवाला बदलायचा. मी दोन्ही कबूल केलं. तो कागद तिने चुलीत घातला नाही की फाडला नाही. त्याच्या कोऱ्या पाठीवर नव्या फवारणीवाल्याचा नंबर लिहून मला दिला.

चार्जरचा दिवा हिरवा झाला तेव्हा असर झाली होती. आपाने मला अंधारात खाडी ओलांडू दिली नाही. रात्री तिच्या नातीला सायकलीची घडी कशी करायची ते शिकवलं. दुसऱ्या सकाळी आपाने सांदण बांधून दिले आणि रस्त्यापर्यंत सोडायला आली. सुरुवातीलाच छोटा चढ आहे. मी बसलो, पॅडल मारलं, आणि मागे वळून बघितलं तर आपाचा हात कॅरिअरवर होता.

"आपा, मोटर आहे याला. ढकलायला लागत नाही."

"असू दे," ती म्हणाली आणि चढ संपेपर्यंत हात काढला नाही.

दाभोळहून दापोलीपर्यंतचा चढ मोटरने खाल्ला. सायकल, सामान आणि मी मिळून नव्वद-पंच्याण्णव किलो. एवढं वजन अडीचशे मीटर वर न्यायला बॅटरीचा पाव भाग लागतो, बाकीची वीज अंतरात जाते. घरी पोचलो तेव्हा एक दांडा शिल्लक होता. मुलगी पडवीत पाने मांडून बसली होती, ब्रेकची वायर लांब करायला. तिने काही विचारलं नाही. मीच सांगितलं, तिच्या त्या संध्याकाळच्या प्रश्नाचं उत्तर, आणि तिच्या भावालाही फोन करून ते तिच्यासमोरच सांगितलं.

पुढचा हिशेब जूनच्या आधी द्यायचा आहे. पावसात जोडण्यांत पाणी जातं, खारी हवा तांब्याला हिरवं करते. म्हणून आंब्याच्या पेट्या संपल्या की, इन्शाअल्लाह, मी लगेच निघेन. या खेपेला घडी न करता.